एकोणतिसावा प्रश्न

यंत्र तिसऱ्यांदा नाही म्हणालं.
ओगुलगेरेकनी बोटं पुन्हा काचेवर ठेवली,
आधी ओढणीला पुसून, मग फुंकर घालून.
दहाही बोटं गुळगुळीत,
नदीतल्या गोट्यांसारखी.
बेचाळीस वर्षं गालिचे विणले, त्या म्हणाल्या,
वीतभर जागेत इतक्या गाठी
की मोजणाऱ्याचे डोळे जावेत.
ठसे हवेत तर गालिचे मागवा,
कुठल्यातरी हॉटेलात अंथरलेले असतील.

मी भाषांतर केलं.
हसावं की नाही, हे ठरवायला
अधिकाऱ्यानं जरा वेळ घेतला.
मग लिहिलं: ठसे उपलब्ध नाहीत.

बाहेर कोसोवोतला नोव्हेंबर, तंबूंच्या रांगा,
जनरेटरची घरघर,
दोरीवर वाळत न वाळलेले मोजे.
एकशे सहा दिवस झाले त्यांना इथं,
कारण मुलाचं नाव बातिर
आणि यादीतही एक बातिर आहे,
बापाचं नाव तेच, जन्मतारीखही तीच, एक जानेवारी.
त्यांच्या गल्लीत निम्म्यांची जन्मतारीख एक जानेवारी,
फॉर्म भरणारा कारकून
कधीतरी कंटाळला होता म्हणून.
ह्यांचा बातिर अकरा वर्षं ह्याच सैन्याच्या फाटकावर
रात्रपाळीला उभा होता, हातात टॉर्च,
दुसऱ्यांची ओळखपत्रं तपासत.

नावाला काही अर्थ आहे का?
अधिकाऱ्यानं सहज विचारलं, चहात बिस्किट बुडवत.
मी म्हणाले, 'मुलगा हवा'.
मुलीमागून मुलगी झाली की ठेवतात.
अच्छा, तो म्हणाला, आणि तेही लिहिलं,
कुठल्या रकान्यात ते दिसलं नाही.

मग एकोणतिसावा प्रश्न.
आपण कधी कोणत्याही सशस्त्र व्यक्तीला
अन्न, निवारा किंवा पैसा पुरवला आहे का?
हो किंवा नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे नाही.
कुठल्या?
दिवसा यायचे त्यांना, की रात्री यायचे त्यांना?
एकदा तर एकाच दिवशी दोघेही आले, तंदूर एकच.
एक पोरगा, मिसरूडही फुटलं नव्हतं,
बंदूक भिंतीला टेकवून, बूट बाहेर काढून आत आला.
खाऊन झाल्यावर सांडलेले तुकडे वेचले,
कपाळाला लावले.
कुणाकडचा, ते मी विचारलं नाही.
भुकेल्याला आधी पक्ष विचारायचा,
हे आईनं शिकवलं नाही, आणि नंतर
कुणाकडून शिकायला सवड झाली नाही.

पेन थांबलेलं.
माझी आई हाम्बुर्गच्या चौथ्या मजल्यावर
ह्याच भाषेत माझ्यावर ओरडायची.
पाहुण्याला वाढणं, त्यासाठी तिचा जो शब्द होता
तोच ह्यांनी आत्ता वापरला.
आणि मला ठाऊक आहे
कुठल्या क्रियापदाला किती महिने लागतात.
दिलं: सहा, कदाचित जास्त.
द्यावं लागलं: तीन.
घेऊन गेले: पुढच्या आठवड्यातलं विमान.

शपथ शब्दाला शब्द देण्याची आहे.
तरी मी पुन्हा विचारलं, हळू,
दिलं, की द्यावं लागलं?

त्या पहिल्यांदाच रागावल्या.
बळजबरीची रोटी तंदूरला धरत नाही, पोरी,
सुटून राखेत पडते.
दिलं. सांग त्याला.

सांगितलं.
एवढं सगळं एका शब्दात मावलं.
अधिकाऱ्यानं चौकोनात खूण केली,
पान उलटलं, घड्याळ पाहिलं.

उठताना त्यांनी टेबलावरचा बिस्किटाचा चुरा
बोटाच्या टोकानं टिपला, कण न् कण,
आणि ठेवायला जागा न सापडून
मुठीतच धरला.
काचेवर दहा ठिकाणी थोडी वाफ होती.
मी बघत होते तोवर तीही गेली.