दुपारचा आकडा

महाप्यात एका गच्चीवर हवा मोजायचं यंत्र आहे,
त्याची देखभाल माझ्याकडे.
मार्चमध्ये आभाळ इतकं निळं
की शिपाई धर्मा मढवी म्हणतो,
काय हवा सुटलीय मॅडम!
मी आकडा दाखवत नाही.

सुटलेली नसतेच. पडलेली असते.
ट्रकांचा सकाळचा धूर
उन्हात शिजत शिजत
दोनपर्यंत दिसेनासा होतो,
म्हणजे गेला असं नाही.
झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास, बारीक.
डब्याचं रबर महिन्यात तडकलं.

चारला खाडीकडून वारा येतो.
कधी येतही नाही.

जुलैत ढगांखाली आकडा मान टाकतो,
धर्मा छत्री झटकत कुरकुरतो,
कसली ही कोंदट, घाणेरडी हवा!

तेव्हा मी खिडकी सताड उघडते.