तीन मिलिमीटर

हुपरीत पैंजणाच्या कड्या जोडायचो,
आता शाहूपुरीत, दुसऱ्या मजल्यावर,
दातांच्या तारा वळवतो.
डाख तोच, चांदीचा.
फक्त आवाज गेला.

मगदूम मॅडम साचे पाठवतात
जुन्या पेपरात गुंडाळून, वर चिठ्ठी:
वरच्या दाढा मागे घ्यायच्या. तीन मिलिमीटर.
सुळ्याला जागा हवी.
तीन मिलिमीटर म्हणजे ज्वारीचा
एक बारका दाणा.

पूर्वी हेडगिअर असायचं.
मानेमागून पट्टा, बाहेरून ओढ,
सगळा भार मानेवर,
तोंडातल्या कुणालाच झळ नाही.
पण नववीतल्या सुयोग बेडगेनं
ते दप्तराच्या तळाशी ठेवून वर्ष काढलं
आणि दर महिन्याला सांगितलं, घालतोय की.
दाढेला खोटं बोलता येत नाही.
होती तिथंच होती.

मग पेंड्युलम.
टाळूवर गुलाबी ऍक्रिलिकची टिकली, रुपयाएवढी,
तिच्यातून निघालेल्या दोन स्प्रिंगा.
त्या मी वळवतो, श्वास धरून.
पोरानं काही करायचं नाही,
चार-पाच महिन्यांत दाढ हलते,
पण हलताना कलते,
बाकावर पेंगणाऱ्या माणसासारखी.
आणि ज्यांनी पाय रोवून धरायचं
ते पुढचे दात
दीड मिलिमीटर पुढं आलेले.

डिस्टल जेट जरा सरळ नेते,
नळीत दाबलेली कॉइल, कलणं कमी.
भाडं मात्र तेच,
पुढच्यांकडूनच वसूल.

हल्ली टाळूच्या हाडात स्क्रू घालतात.
हाडालाच धरायचं. पुढं कुणी येत नाही म्हणे.
तसलं काम माझ्याकडं अजून तीनच आलं.

शेल्फवर आधीचे-नंतरचे साचे शेजारी ठेवतो,
व्हर्निअर लावतो, वहीत आकडा लिहितो.
मॅडम विचारत नाहीत. सवय.

हुपरीतलं दुकान दहा बाय बारा.
थोरल्याची पोरं हाताशी आली
तेव्हा मी मागं सरलो, वीस किलोमीटर.
कुणी ढकललं नाही.
वहिनीनं डबा बांधून दिला, दोन दिवस पुरेल एवढा.

आबा तेव्हापासून उंबऱ्याला खेटून बसतात,
असं पुतणी फोनवर सांगते.
आधी आत, ऐरणीपाशी बसायचे.
किती पुढं आले, मोजता येईना,
त्यांचा आधीचा साचा
कुणी घेऊन ठेवला नाही.

शुक्रवारी डिलिव्हरी आहे.
डाख वितळलाय,
तार धरायला हवी.