थांबलेला ठिपका

रात्रीचे सव्वादोन. हैमाच्या अलीकडे
तेरा नंबरचा ठिपका सरकतोय.
सोहारच्या या खोलीत बसून मी नुसता बघतो.
स्क्रीनवर वाळवंट म्हणजे कोरा पिवळा कागद,
मधोमध एक रेघ. वळत नाही.
एखादं वळण असतं तर बरं झालं असतं,
वळणावर हात तरी जागे होतात.

फोन लावतो. ‘गुलझमीन, शेवटची पाटी कुठली वाचलीस?’
झोप आली का, असं विचारायचं नसतं,
हे मला पहिल्याच वर्षी कळलं.
झोप आलेला माणूस नाहीच म्हणतो,
प्यायलेल्यासारखा, वर शपथ घेऊन.
पाटी विचारायची. डिझेलचा काटा विचारायचा.
धाकट्या मुलीचं नाव विचारायचं
आणि ते ओठांवर यायला किती वेळ लागला, ते मोजायचं.

आज म्हणाला, ‘पाटी? पाटी ऊंट की थी.’
मग जरा थांबून,
‘नहीं साब. ऊंट ही था.’

आमच्या दाभोळला पेंग येते, डुलकी लागते,
झापड येते, गुंगी येते,
आणि जेवणावर येते ती सुस्ती वेगळी.
इथे फॉर्मवर एकच रकाना : विश्रांती, तास, मिनिटं.
पोरं तो आधीच भरून ठेवतात,
एका बैठकीत, एकाच पेनाने, अख्ख्या आठवड्याची झोप.
पैसे खेपेचे मिळतात, झोपेचे नाही.
मुदीरने केबिनीत भोंगा बसवला,
पापणी मिटली की किंचाळणारा.
रहीमदादने त्याच संध्याकाळी
कॅमेऱ्यावर लेकीच्या वहीतला गुलाब चिकटवला.

हुरजूकचा ठिपका सात नंबरचा.
दीड वर्षापूर्वी थुमरैतच्या आधी थांबला.
मी म्हटलं, झोपला शहाणा.
झोपमोड नको म्हणून फोन केला नाही.
बाहेर जाऊन कडक चहा घेऊन आलो,
कपात खारी बुडवून खाल्ली, हेही आठवतं.
पहाटे सहाला ठिपका तिथेच,
आणि पोलिसांचा फोन.
डोळा लागला काय, डोळे मिटले काय,
स्क्रीनवर दोन्ही लालच.

‘गुलझमीन, पुढच्या पंपावर आत घे.’
‘साब, टमाटर है. सात बजे सलाला.’
‘आत घे.’
‘ट्रिप कटेगी.’
कटणार नाही, म्हणतो,
आणि यादीतून कारण निवडतो : पंक्चर.
यादीत बारा कारणं आहेत. उंट आहे, वादळ आहे,
ईदची सुट्टीसुद्धा आहे. झोप नाही.

‘फोन चालू ठेव. उशाशी ठेव.’
हसला तो. अडाण्यासारखा हुकूम, पण पाळला.
रीफरची घरघर ऐकू येते,
मग सीट मागे पडल्याचा आवाज, एक खोकला,
काहीतरी पश्तोत, देवाला किंवा मला.
मग बराच वेळ काही नाही.
मी कान दाबून धरतो.
बापाच्या होडीचं इंजिन असंच धरायचं,
आधी दोनदा नुसतं फुस्स,
तिसऱ्यांदा लागायचं.

लागलं.

लाल ठिपका. तेरा नंबर. घोरतोय.
दुसऱ्या लाइनवर मुदीर वाजतोय, वाजू दे.
पावणेसहाला उठवायचंय त्याला.
खुर्ची भिंतीकडे सरकवून ठेवतो,
तोवर उभाच राहतो.
बसलो, तर माझं काही खरं नाही.