दोन सूर कमी

रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानाशेजारचा जिना चढून
मी शिकायला जातो. मास्तर वीस वर्षांचा,
तनिष्क मंडलोई. माझा मुलगा त्याच्याहून मोठा.

पाचव्या पडद्यापासून मेजर स्केल. एका तारेवर तीन बोटं,
त्यातलं तिसरं म्हणजे करंगळी.
माझी पीथमपूरला राहिली,
प्रेसखाली, दिवाळीच्या आदल्या पाळीत.
अनामिका ताणून पाहिली. तार भुणभुणली नुसती.

त्यानं हाताकडे पाहिलं, मग खिडकीकडे.
‘काका, दो सुर छोड़ दो,’ म्हणाला,
‘म और नी. पाँच में भी काम चल जाता है.’
वहीत ठिपके काढले, काही खोडले.
दर तारेवर दोनच. पुरली बोटं.

वर गेलो, खाली आलो. परत वर.
अरे, हा तर भूप!
शाळेत बर्वेबाईंच्या पेटीवर
बाकाला टेकून म्हटलेला, अर्धा झोपेत.

आता रात्रपाळीची बस यायच्या आधी
गॅसवर चहा ठेवून वाजवतो.
‘ध’पाशी येतो, ‘सा’ समोर दिसतो,
मधली जागा ओलांडतो.
तिथं काही नाही, माहीत आहे.
थंडीत करंगळीसुद्धा अशीच
खाजते.