नमुना

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, नंदेसरी.
एक जूनला सहामाही अहवाल जायचा
आणि मी येऊन थांबलेय अट क्रमांक चौदापाशी:
'परिसरातील जैवविविधता, निरीक्षणे.'
डिसेंबरात लिहिलं तेच तिथे आहे,
त्याआधीच्या जूनमधलंही तेच:
'उल्लेखनीय काही आढळले नाही.'
मी फक्त तारीख बदलते.

तेवढ्यात रामसंग पढियारचा फोन,
"बेन, मागच्या तळ्यापाशी या. टँकर थांबवलाय."

खडीवर चार अंडी.
खडीच्याच रंगाची; दोन पावलांवर उभी होते
तरी रामसंगच्या बोटामुळेच दिसली.
भोवती त्यानं चार केशरी शंकू मांडलेले,
जणू रस्त्याचं काम चालू आहे.
आणि डोक्यावर टिटवी, शिव्या घालत,
बोर्डाच्या कुठल्याही साहेबापेक्षा मोठ्यानं.

दांडिया बाजारात ती रात्री ओरडली
की आई उठून देवापुढची समई बघून येते.
रामसंग वेगळं सांगतो: खोलगट जागी घातलीत,
यंदा पाऊस बेताचाच.

अमीनसाहेबांनी एवढंच विचारलं,
"दुर्मीळ आहे?"
"नाही. कुठेही असते."
"मग?"
त्या 'मग'ला माझ्याकडे काही नव्हतं.
तरी टँकर बॉयलरमागून वळवला.
अकरा मिनिटं जास्त.

दुपारी त्रेचाळीस अंश.
ती उठली, तळ्याच्या काठी गेली,
पोट बुडवलं,
आणि तशीच ठिबकत येऊन अंड्यांवर बसली.
पुन्हा गेली. पुन्हा.

ते पाणी माझ्या सहीचं आहे.
सीओडी मर्यादेत, सामू सात पूर्णांक दोन,
रंग आक्षेपार्ह नाही.
नमुना सकाळी दहाला घ्यायचा, हे आमचं ठरलेलं,
बोअरचं पाणी तासभर सोडून झाल्यावर.

टिटवीला दहाचं कुणी सांगितलेलं नाही.
ती येते दोनला, साडेतीनला,
पाळी बदलताना रिॲक्टर धुतलेलं पाणी
तळ्यात उतरतं, नेमकी तेव्हा.
तिच्याकडे बाटली नाही,
पोटाची पिसं आहेत.
निकालाला अठ्ठावीस दिवस.

दुसऱ्या दिवशी मीही दोनला गेले.
लॅबमधल्या जिज्ञासानं आकडा दोनदा काढला,
मग पेन तसंच धरून म्हणाली,
"बेन, हे कुठल्या रकान्यात लिहू?"

हात लागलाच होता म्हणून हरित पट्टाही मोजला.
कागदावर बाराशे रोपं, ब्याण्णव टक्के जगलेली.
उन्हात चालत, खडूनं खुणा करत,
सहाशे चाळीसला माझी झाडं संपली.
पुढे नुसती आळी होती, गोल, नीट, कोरडी.

अहवाल चार जूनला गेला.
तीन दिवस उशीर, दोनचा आकडा,
सहाशे चाळीस,
आणि अट चौदासमोर:
'टिटवी. अंडी चार. निकाल यायचा आहे.'

सही करताना अमीनसाहेब बोलले नाहीत.
अजूनही फारसं बोलत नाहीत.
पण बोअरच्या व्हॉल्व्हला आता कुलूप आहे,
आणि नव्या टाकीची फाइल
त्यांच्या टेबलावर तरी आहे.

तीन पिल्लं निघाली.
कापसाला पाय फुटावेत तशी
कुंपणाखालून मागच्या शेतात गेली.

चौथं अंडं रामसंगनं
चहाच्या बशीत माझ्याकडे आणून ठेवलं.
"एखादं जातंच, बेन," तो म्हणाला.
जात असेलही. ऊन होतं, कावळे होते.

बशी अजून फाइलींच्या शेजारी आहे.
हलवून पाहिलं तर
आत काहीतरी
हलकंसं वाजतं.