एकाच लोहाराचा

हुफूफला खजूर उतरवायचा विळा दातेरी असतो.
माळी कमरेला दोर घालून झाडाला रेलतो
आणि वर, उन्हात, करकर आवाज येतो.
आमच्या सिंदेवाहीत धान कापायचा विळाही तसाच,
फक्त तिथे वाकावं लागतं.

मी तळमजल्यावर, रक्तावर बसतो.
लग्नाआधीची तपासणी इथे सक्तीची.
हॉल ठरतो, तारीख ठरते,
मग दोघं येतात बाह्या वर करून.
यंत्र एकेक नळी ओढून घेतं, जरा घुटमळतं,
कागदावर डोंगर काढतं.
नेहमीच्या जागी एकच मोठा डोंगर, तर मुबारक.
उशिरा, उजवीकडे दुसरा उभा राहिला
की जोडीदाराचा कागद येईपर्यंत
माझा चहा निवतो.

मासूमाचे दोन डोंगर.
जवादचेही दोन.

डॉक्टर फाजिल म्हणतात, तुमच्याकडचा नि आमच्याकडचा
हा विळा एकाच लोहाराचा.
कुठल्या गलबतातून कोण कुणाकडे आलं, कुणाला ठाऊक.
डासांचं पाणी दोन्हीकडे होतं.
अंगात एक असला की हिवताप हात आखडता घेई,
म्हणून जपला गेला, पिढ्यान्‌पिढ्या.
दोन एकत्र आले की काय, ते हाडांना कळलं,
माणसांना फार नंतर.

बापाच्या नावावर सातबारा नव्हता.
वारस म्हणून आमची नावं लागली
ती एवढ्या एकाच जागी.
पहिली विशाखा. थंडीत तिचे सांधे कुटल्यासारखे दुखत,
माय वीट तापवून फडक्यात गुंडाळून द्यायची.
नऊ वर्षांची गेली.
शिबिरातल्या बाईनं समजावलं होतं, चारातलं एक.
मायनं हिशोब केला,
"एक गेलं गा, आता बाकीचे सुटले."
मग प्रज्ञेश झाला.
त्याचे डोळे पिवळे पडू लागले तेव्हा
माय त्या बाईला शोधत तालुक्याला गेली,
भांडायला.

हेच जवादला सांगू पाहतो, मोडक्या अरबीत:
नाणं दर वेळी नव्यानं उडतं, अखी,
त्याला मागचं आठवत नाही.
चारही सुटतील. चारही सापडतील.
जवाद इंजिनीअर आहे, मान हलवतो.
मासूमा विचारते, तुझं काय?
मी पाकिटातून शाळेतलं कार्ड काढतो,
अर्धं पिवळं, अर्धं पांढरं, घडीवर फाटलेलं.
तिला अक्षर वाचता येत नाही,
तरी बराच वेळ हातात धरते.
"आणि बायकोचं?"

आमच्यात पत्रिका पाहत नाहीत.
मंडपात त्रिशरण झालं, हार झाले, जेवणं झाली.
रक्ताचं विचारायचं राहिलं.
राहिलं नाही. मी विचारलं नाही.
मी, ज्याच्या हाताखालून दिवसाला चाळीस नळ्या जातात.

रात्री करुणाला लिहिलं, ग्रामीण रुग्णालयात जा,
सिकलसेलची करून घे, पैसे लागत नाहीत.
निळ्या खुणा उमटल्या.
बऱ्याच वेळानं उत्तर:
"सातवा लागला. आता कायले?"

दुपारी खिडकीतून दिसली होती ती दोघं.
पार्किंगमध्ये गाडी सुरू, एसी सुरू,
मागच्या सीटवर तिची आई, हातात जपमाळ.
तासभर गाडी हलली नाही.
एकदा ब्रेकचे दिवे लागले,
मग विझले.