उलटी अक्षरं

वॉटरटाउनच्या नगरपालिकेत माझं काम पायाचं.
पुतळा कुणाचा, हे मी विचारायचं नसतं;
वजन किती, माती कसली, पाणी कुठे मुरतं
आणि चार फूट खाली गेलात का, एवढंच.
इथली गोठण तिथवर उतरते.
त्याच्या वर टेकवलेलं काहीही
हिवाळा उचलतो आणि तिरकं करून ठेवतो.

अर्जावर नाव होतं नेवार्त चिलिंगीरियान.
आर्मेनियन लोकांतली अशी पहिलीच बाई,
समितीचे होवसेप म्हणाले,
जिच्या दारावर वकिलातीची पाटी होती.
मग घसा खाकरून : देश मात्र दोनच वर्षं टिकला.

बंदरावरची खोली. एक टेबल, एक शिक्का,
बाहेर जिन्यावर माणसं, गाठोड्यांवर बसलेली.
देश बुडाल्याची तार आली तेव्हा
तिनं ती घडी करून
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली
आणि म्हणाली, पुढचा.

भांडण झालं ते हातावरून.
फोटो एकच, आणि त्यात तिचा उजवा हात हललेला;
मनगटापुढे नुसता धूर.
एकजण म्हणे झेंडा द्या, एकजण पुस्तक.
खजिनदार दंतवैद्य होते, त्यांना कबुतर हवं होतं.
तीन बैठका झाल्या. मी कोपऱ्यात,
नकाशाची गुंडाळी मांडीवर,
अक्रोडाची बिस्किटं खात.

चौथीला सिरवार्तबाई आल्या, वय एक्याण्णव,
वॉकरच्या टोपलीत चपटा पत्र्याचा डबा.
डब्यात आईचा परवाना. चार घड्या, घड्यांवर चिकटपट्टी,
खाली जांभळा गोल शिक्का, कडेला फुटलेला.
'हा मारला तेव्हा मागे कुठलाच देश नव्हता,' त्या म्हणाल्या,
'पण आईला उतरू दिलं.'

खजिनदारांनी कबुतर मागे घेतलं.

शूशाननं मग मुठीत शिक्का दिला,
दगडी ओट्याच्या वीतभर वर थांबलेला,
टेकायच्या आधीचा.
तळाला अक्षरं कोरली, उलटी,
वाकल्याशिवाय दिसू नयेत अशी.
जे कुणी वाचणार नाही
त्याचे अक्षरी पैसे कशाला, खजिनदार.

माझे वडील कऱ्हाडला छापखान्यात खिळे जुळवायचे.
लग्नपत्रिका, काढ्याच्या बाटल्यांची लेबलं, दहाव्याची पत्रं.
माझं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते उलटं,
शिशाचं, त्यांच्या काळ्या तळहातावर.
सरळ दिसतं ते छापता येत नाही, म्हणायचे.
हे मी बैठकीत बोलले नाही.
शेरा लिहिला : खोली पुरेशी. मंजूर.

अनावरण ऑक्टोबरात. भाषणं लांबली,
वाऱ्यानं पडदा दोनदा आधीच उघडला.

जानेवारीत पाणसळ घेऊन गेले,
थंडीनं काही हललंय का बघायला.
सिरवार्तबाईंचा पणतू आरेन तिथं होता.
ओंजळभर बर्फ त्यानं शिक्क्याला खालून लावला
आणि दाबला, दोन्ही हातांनी, जीभ दातांत धरून.
गोळा काढला. त्यावर अक्षरं, सरळ,
गोल कडेनं, फुटक्या जागेसकट.

वाच ना, मी म्हटलं. मला ती लिपी येत नाही.
हातमोज्यानं एकेक अक्षर दाखवत गेला,
देशाचं नाव, बंदराचं नाव, मग अडला.
पुढचं पणजीला येतं, म्हणाला, आणि पळाला
रस्त्याकडेच्या गाडीकडे, गोळा छातीशी धरून.

बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे.
मी वहीत लिहिलं : हललेलं नाही.
वर पाहिलं तेव्हा गाडीची काच अर्धी खाली होती
आणि एक म्हातारा हात बाहेर,
मोजा न घातलेला,
गळायला लागलेलं ते घ्यायला.